लेकींनी नेलेला हुडा

हुडेवाडी, ता. पेडणे, गोवा
१२ नोव्हेंबर १९८६

परब मंडळींना अनंत राऊळ याचा नमस्कार.

आपल्या घरात मला ओळखणारं कुणी उरलं असेल की नाही, ठाऊक नाही. आपल्याकडे आचऱ्याला १९५० साली सून म्हणून आलेली सत्यवती ही माझी चुलत बहीण. मी चार वर्षांचा असताना माझी आई गेली, तेव्हापासून तिनंच मला वाढवलं. मी तिला बाय म्हणत असे. आमच्या वाडीतले एकजण डोळे दाखवायला मिरजेला गेले होते. रेल्वेच्या चाळीत त्यांना 'परब, आचरेकर' अशी पाटी दिसली. दार वाजवायचा त्यांना धीर झाला नाही, पण पत्ता टिपून आणला.

लिहायचं निमित्त असं. आमच्या सड्यावर समुद्राच्या तोंडाशी एक जुना हुडा आहे. हुडा म्हणजे टेहळणीचा बुरूज. परकी गलबतं दिसली की त्यावर जाळ करायचा, तो बघून पुढच्या टेकडीवर जाळ करायचा, असा निरोप आत गावोगाव जायचा. आम्ही राऊळ तिथले पहारेकरी. आता पहारा नाही, पण तिन्हीसांजेला तिथल्या कोनाड्यात दिवा लावायचं काम आमच्या घराकडे आहे, ते मी करतो. गेल्या महिन्यात पणजीहून जुन्या वास्तूंची नोंद करणारे एक साहेब आले. त्यांनी पाहिलं की समुद्राकडची भिंत उभी आहे आणि जमिनीकडची कमरेइतकी उरली आहे. वहीत लिहिलं, "तोफांनी पडलेला."

मी म्हटलं, "साहेब, तोफ समुद्रातून डागणार. मग समुद्राकडची भिंत उभी कशी?"

"मग पाडली कुणी?"

"लेकींनी."

ते हसले, चहा प्यायले आणि गेले.

पण खरं तेच आहे. आमच्या वाडीची मुलगी जिथून हुडा दिसत नाही अशा गावी दिली, तर निघताना तिच्या ओटीत हुड्याचा एक दगड घालतात. नारळाएवढा. म्हणजे ती कुठंही असली तरी हुड्याच्या राखणदाराची, म्हणजे त्या जागेच्या देवाची, नजर तिच्यावर राहते. बाई वारली की सासरच्यांनी दगड परत पाठवायचा. मग तो हुड्याच्या पायाशी बसवतात, नारळ ठेवतात आणि ती राखणदाराच्या हवाली झाली असं मानतात. साहेब गेल्यावर कुठला दगड कुठं गेला ते मी लिहून काढायला बसलो, आणि बायच्या नावाशी थांबलो.

बायचा दगड १९५७ च्या कार्तिकात आमच्याकडे परत आला. सरहद्दीवर नाकेबंदी होती, टपाल बंद होतं. आणणारा माणूस गुरं विकणारा. त्याला काही माहीत नव्हतं. त्यामुळे ती कशानं गेली, कोणत्या दिवशी गेली, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. तिथी माहीत नसल्यामुळे मी सर्वपित्रीलाच तिचं पान वाढतो. सगळ्यांच्या गर्दीत तिचं पान. ती तशी गर्दीत पुढं होणारी नव्हती, म्हणून मनाला लागतं. आपल्यापैकी कुणाला तिथी आठवत असेल तर कळवावी. एवढीच विनंती.

तिच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या हातून राहिली आहे. ती इथं लिहीत नाही.

आपला,
अनंत राऊळ


रेल्वे चाळ, मिरज
२ डिसेंबर १९८६

अनंतमामांना शालिनीचा नमस्कार.

मी सत्यवतीबाईंची सून. मामंजींना जाऊन सात वर्षं झाली. हे रेल्वेतच आहेत, मालधक्क्यावर.

आपलं पत्र घरात दोनदा वाचलं गेलं. तिथी कुणालाच आठवत नाही. आपण सर्वपित्रीला पान वाढता तेच पुरे, निराळं काही करू नये.

सासूबाई माहेरच्या गोष्टी सांगायच्या, त्यावरून काही विचारते. रागावू नये. दिवा आपण स्वतः लावता की माणूस ठेवला आहे? चढणीवर काजूच्या झाडाखाली बसायचा दगड होता, तो आहे का? पोदेर पाव घेऊन येतो तेव्हा अजून काठी आपटतो का? आणि आपल्या प्रकृतीविषयी. आपल्याला विषमज्वर झाला होता ना? त्यातून पूर्ण बरे झालात ना? हे नीट लिहावं. बाकी काही नाही लिहिलं तरी चालेल.

आणखी एक. आबा शेवटी काय म्हणाले?

आपली,
शालिनी परब


हुडेवाडी
१० जानेवारी १९८७

चि. शालिनीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. भाषेच्या आंदोलनात रस्ते बंद होते, वीस दिवस टपालाची पिशवी वाडीत आली नाही. आमच्याकडे तर एकाच सोप्यावर दोन बाजू बसतात. विठू नाईक मला म्हणतो, "तू घरात कोंकणी बोलतंस, देवाक गाऱ्हाणां कोंकणीत घालतंस, आनी पत्रां मराठीत बरयतंस. तुजी बाजू खंयची रे?" मी म्हटलं, बोलायला आईनं शिकवलं, लिहायला देवळातल्या मास्तरांनी. दोघांपैकी एकालाही घराबाहेर काढता येणार नाही. तो म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडसून मार खातलंस." आणि तंबाखू मागून घेतली.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. दिवा मीच लावतो. काजूचं झाड वादळात गेलं, दगड आहे. पोदेर आता सायकलीवरून येतो, भोंपू वाजवतो.

विषमज्वर मला बासष्ट साली झाला, गोवा मोकळा झाला त्यानंतरच्या उन्हाळ्यात. चाळीस दिवस अंथरुणावर होतो. देवाच्या कृपेनं पूर्ण बरा झालो. पण मुली, बाय तर त्याच्या पाच वर्षं आधी गेली. मग हे तुमच्या घरी कसं पोचलं? आमच्याकडचं कुणीतरी मामंजींना भेटलं असेल, असा मी अंदाज करतो.

आबा म्हणजे माझे थोरले काका, बायचे वडील. दगड आला त्या दिवसापासून ते वर चढले नाहीत. पायांचं निमित्त सांगायचे. एकोणसाठच्या पौषात गेले. शेवटी म्हणाले, "पोरीला लांब दिली. दगड दिला तेव्हा वाटलं, पुरेल." 

हे सगळं विचारणारी तू बायला जवळून ओळखणारी वाटतेस. तिला तू पाहिलं नसणार. तरीही वाटतेस.

तुझा,
अनंतमामा


मिरज
२८ जानेवारी १९८७

अनंतमामा,

हे पत्र मी चोरून लिहीत आहे. हे ड्यूटीवर गेले आहेत आणि त्या बाहेर उन्हात बसल्या आहेत.

मामा, तुमचा अंदाज चुकला. कुणी भेटलं नव्हतं. सासूबाई आहेत. आत्ता दाराबाहेर तांदूळ निवडताहेत. मागचं पत्र त्यांनीच सांगितलं आणि मी लिहिलं. "हयात आहे असं कुठंही येऊ देऊ नको," असं बजावलं होतं. मी खोटं असं काही लिहिलं नाही, पण लिहिलं ते खोट्यासारखंच झालं.

तुमचं पहिलं पत्र मी वाचून दाखवलं, तेव्हा 'सर्वपित्रीला पान वाढतो' इथं त्या हसल्या. म्हणाल्या, "अन्त्याला स्वयंपाक येतो?" मग उठून मोरीत गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ तिथंच राहिल्या. दुसऱ्या पत्रात तुम्ही बरे झालात हे आलं, तेव्हा त्यांनी देवापुढं साखर ठेवली. का, ते मला सांगत नाहीत.

त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. आता त्यांना समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं काळं. मला म्हणाल्या, "हुड्याच्या फटीतून बघावं तसं दिसतं." एरवी हुड्याचं नाव काढत नाहीत. तुम्ही लिहिल्यापासून रोज एकदा काढतात.

यावर काय करायचं ते तुम्ही बघा. मला रागावल्या तर रागावू देत.

शालिनी


हुडेवाडी
३ फेब्रुवारी १९८७

बाय,

तू आहेस.

मी आज दिवा लावायला वर गेलो आणि वात पेटवायची विसरून खाली आलो. परत गेलो. बत्तीस पायऱ्या दोनदा चढलो. गुडघे दुखताहेत, हे तुला सांगायला आता मिळतं आहे.

पोरीला रागावू नकोस. काय झालं ते सांग. मला काहीही चालेल. का गप्प राहिलीस एवढंच सांग.

अन्तू


मिरज
२० फेब्रुवारी १९८७

अन्तू,

मी बोलते आणि शालिनी लिहिते. तिला रागावून झालं. आता तुझी पाळी. मेल्या, तिथी मागतोस माझी? सांगते, नीट ऐक.

पन्नास साली मी आचऱ्याला आले. माझी सासू वाईट नव्हती, पण घर वाईट होतं. छप्पन साली माझी पहिली मुलगी अकरा महिन्यांची होऊन गेली. माझ्या दृष्टीनं घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. पत्रं जात नव्हती. मग मी दगड पाठवला. तुला लहान म्हणून कुणी सांगितलं नसेल. दगडासोबत हळकुंड असलं तर ते बोलावणं असतं. मुलगी जिवंत आहे, तिला न्यायला या, असा त्याचा अर्थ. नुसता दगड आला तर मुलगी संपली. आपल्या वाडीच्या बायकांना हे ठाऊक. आबांना नक्की ठाऊक होतं. मी लाल फडक्यात दगड आणि हळकुंड बांधून त्या गुरंवाल्याकडे दिलं. आबा येतील म्हणून मी दिवाळी ते शिमगा दारात बसले. कुणी आलं नाही.

मग ह्यांना मिरजेला नोकरी लागली. निराळं घर झालं, मुलगा झाला. दिवस बदलले. पण मनात एकच होतं. मी बोलावलं आणि आबा आले नाहीत.

गोवा मोकळा झाला, तशी बासष्ट साली मे महिन्यात मी आले. एकटी. पेडण्यापर्यंत गाडीनं, पुढं चालत. आधी घरी गेले नाही. रागात होते ना. म्हटलं आधी हुड्यावर जाते. चढणीवर गवताचा भारा घेतलेली एक बाई भेटली. तिनं ओळखलं नाही, मी पदर पुढं घेतला होता. मी विचारलं, "राऊळांकडे कोण असतं?" ती म्हणाली, "म्हातारो मेलो तीन वर्षां झाली. चेडू मेल्याच्या दुखान मेलो. नाक्यार तपासणी करताना त्या गुरंवाल्याचां गाठोडां सोडलां होतां शिपायांनी, नुसतो धोंडो आयलो घरा. आता पुतण्यो आसा, तोय मुदतीच्या तापान पडलोहा. आज-उद्या करता."

म्हणजे हळकुंड नाक्यावरच पडलं, आणि आबा मी मेले असं समजून माझ्या दुःखानं गेले. मी वर गेले. पायाशी सगळ्यांत शेवटी बसवलेला एक दगड होता, अर्धा मातीत. पुढं नारळाची करवंटी, अबोलीच्या वेणीचा विरलेला दोरा. मला राखणदाराच्या हवाली करून तुम्ही मोकळे झाला होता.

आपली रीत तुला माहीत आहे. एकदा दगड बसवला की तो माणूस राखणदाराचा. तो घरी परत आला तर राखणदार त्याच्या बदल्यात घरातलं दुसरं नेतो. घरात दुसरं कोण होतं? तू. तापानं पडलेला.

तिथूनच मागं फिरले. काजूखालच्या दगडावर बसून पाणी प्यायले आणि फिरले. तुझ्या घराचं कौल दिसत होतं.

तू जगलास की नाही हे मला पंचवीस वर्षं ठाऊक नव्हतं. कुणाला विचारावं तर मी कोण म्हणून विचारू? तुझं पाकीट आलं, मागं तुझं नाव होतं. पत्र न फोडताच मला हवं ते कळलं होतं.

म्हणून येत नाही. आता तुझ्या घरात सूनबाई असेल, मुलं असतील. मला तिकडं बघायची फार इच्छा आहे हे खरं. डोळे असेपर्यंत तर फारच. पण तुझ्या कुणाच्या जिवावर नको. पत्रं लिही. शालिनी छान वाचते, फक्त भरभर वाचते.

बाय


हुडेवाडी
१४ एप्रिल १९८७

बाय,

दोन महिने लिहिलं नाही. तू काळजी केली असशील. लिहायचं होतं ते तीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे हात चालत नव्हता. या काळात दोनदा रवळनाथाच्या देवळात कौल घ्यायला गेलो. देवाच्या अंगावर पाकळ्या लावून झाल्या, गुरवानं विचारलं, "काय मागायचं ते बोल, उजवी पाकळी पडते की डावी बघू." आणि मी दोन्ही वेळा "काही नाही" म्हणून उठून आलो. दुसऱ्यांदा गुरव म्हणाला, "अनंता, देवाला पाकळ्या फुकट चिकटवायला लावतोस?"

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्या बाबतीत एक गोष्ट माझ्या हातून राहिली. ती आता सांगतो.

लाल फडकं आलं त्या दिवशी आबा ओटीवर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मग मला म्हणाले, "अन्तू, हा तू नेऊन बसव. माझे पाय चालत नाहीत." मी एकोणीस वर्षांचा होतो. दगड, नारळ आणि वेणी घेऊन वर गेलो. पायाशी जागा केली. आणि मला तो ठेवता येईना. मी एवढाच विचार केला की मी हा ठेवला नाही तर तू गेली नाहीस.

तिथं भिंतीतून पडलेले दगड होतेच. त्यातलाच एक उचलून बसवला. पुढं नारळ फोडला, वेणी वाहिली. तुझा दगड शर्टाच्या आत घालून खाली आणला. आबांना म्हटलं, "बसवला." आबांशी मी आयुष्यात बोललेलं ते एकच खोटं, आणि ते त्यांच्याबरोबर गेलं.

तू पाहिलास तो दगड तुझा नव्हता, बाय. तो कुणाचाच नव्हता.

तुझा दगड आधी भाताच्या कणगीखाली होता. आबा गेल्यावर मी तो देवघरात आणला, देवांच्या पाटाखाली. कुणाला ठाऊक नाही. सूनबाई म्हणतेस ती मी आणलीच नाही. विषमज्वरातून उठल्यावर लोक म्हणाले लग्न कर. मला वाटायचं, ज्यानं आपल्या बहिणीला वाट मिळू दिली नाही त्यानं दुसऱ्याची लेक आणू नये. मला खरंच वाटायचं की माझ्यामुळे तुझा जीव मधेच अडकला आहे. ना सासरी, ना राखणदाराकडे. रोज दिवा लावताना मी हात जोडून एवढंच म्हणायचो की तिला वाट दाखव, चूक माझी आहे. वेळोवेळी ठरवायचो की उद्या दगड नेऊन ठेवीन. तो उद्या कधी आला नाही.

तुझं पत्र वाचल्यावर पाट सरकवून तो बाहेर काढला. एका अंगाला चुन्याचा पांढरा डाग आहे, तुला आठवत असेल. तुझ्या ओटीत घालताना तू म्हणाली होतीस, "डागाचा का निवडला?" आणि आबा म्हणाले होते, "ओळखता येतो म्हणून."

राखणदाराकडे तू कधी गेलीच नाहीस. कुणाच्या बदल्यात कुणी जायचं नाही. काल पुन्हा देवळात गेलो. या वेळी बोललो. कौल मागितला नाही, फक्त सांगितलं. गुरव आत होता, त्यानं ऐकलं असेल. ऐकू दे.

तीस वर्षं ज्याची क्षमा मागत होतो त्याच गोष्टीबद्दल आज देवाचे आभार मानावे लागताहेत. मला अजून नीट जमत नाही.

ये.

अन्तू


मिरज
१९ मे १९८७

अन्तू,

शालिनीला तुझं पत्र चार वेळा वाचायला लावलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "आई, आता पाठ झालं, लाइट न लावता म्हणून दाखवू का?" चुन्याचा डाग मला आठवतो. तुला भितरा म्हणायची मी, झाडावर चढायला घाबरायचास म्हणून. आबांच्या शब्दाबाहेर जाणारं आपल्या घरात तू एकटाच निघालास.

लग्न केलं नाहीस हे मात्र वाईट केलंस. त्याबद्दल तिथं येऊन बोलेन, पत्रात मावणार नाही.

सोमवारी, २५ तारखेला निघते. शालिनी सोबत आहे, मुलानं तिकिटं काढली आहेत. बेळगावहून गाडी बदलून सावंतवाडी, तिथून पेडणे. ती पेपर वाचून सांगते की या तीस तारखेला गोवा वेगळं राज्य होणार. मी म्हटलं, होऊ दे, मी आधी पोचते. बासष्टला आले तेव्हा नाक्यावर रिकामी चौकी होती. त्याआधी मला वाटायचं की चौकीतले शिपाई माझ्याच वाटेवर बसवलेत. आता म्हणे फक्त तिकीट लागतं.

स्टँडवर घ्यायला ये. पण चढणीवर हात धरू नकोस. डोळ्यांना समोरचं थोडंच दिसतं, पायांना सगळं ठाऊक आहे. दिवा त्या दिवशी मी लावीन. माझा दगड पाण्यानं धुऊन ओटीवर ठेव, पाटाखालून काढलेला तसाच देऊ नको, मुंग्या असतील.

काल बाजारातून हळकुंड आणलं. शालिनी हळूच म्हणाली, "आई, तुम्ही हळकुंड न्यायचं?" माझं कुंकू पुसलं गेलं म्हणून. मी तिला सांगितलं, हे सौभाग्याचं नव्हे, हे मी आहे म्हणून सांगायचं.

मागच्या वेळी दुसऱ्याकडे दिलं ते वाटेत पडलं. या वेळी मुठीत धरून आणते.

बाय